बी-१२ कमी निघालं, म्हणून डिप्रेशनची गोळी बंद करायची का?

पत्र

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी उदगीर तालुक्यातल्या एका गावची. आईबद्दल लिहितेय. वय ५४. गळ्यात माळ आहे, त्यामुळं अंडं-मटण घरात नाही. आठ वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, आणि रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी. गेल्या दिवाळीपासून आई बदलली. भजनाला जात नाही, शेताकडं बघत नाही. पहाटे तीनला उठून बसते ती पुन्हा झोपत नाही. जेवण अर्ध्या भाकरीवर आलंय. तळपायाला मुंग्या येतात, जीभ सोलल्यासारखी झालीय म्हणते. मधूनच म्हणते, "आता देवानं उचलावं मला, तुमच्या जिवाला घोर नको."

जानेवारीत लातूरला मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी डिप्रेशन सांगितलं, एस्सिटालोप्राम सुरू केली आणि रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ९.४, बी-१२ १४२, व्हिटॅमिन डी १४, थायरॉइड नॉर्मल. रिपोर्ट बघून भावानं बाराव्या दिवशी ती गोळी बंद केली. "सगळं व्हिटॅमिनमुळंच आहे, डोक्याच्या गोळ्यांची सवय लागंल," म्हणाला. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून ताकदीच्या गोळ्या आणि डीची पाकिटं आणली. पाकीट दर रविवारी देतो, चार महिने झाले. फारसा फरक नाही. आहारानं आणि व्हिटॅमिननं डिप्रेशन बरं होतं का? भावाचं खरं मानू की डॉक्टरांचं?

— एक लेक, उदगीर तालुका

उत्तर

ताई,

भावाचं की डॉक्टरांचं, ते नंतर बघू. आधी आईच्या त्या वाक्याबद्दल.

"देवानं उचलावं" हे आपल्याकडं बायामाणसं उठता-बसता म्हणतात. सुनेशी वाजलं तरी म्हणतात, गुडघे दुखले तरी म्हणतात. म्हणून घरातले कानाडोळा करतात. पण तुमच्या आईची झोप पहाटे तीनला तुटते, जेवण निम्म्यावर आलंय, भजन सुटलंय आणि आपण लेकरांवर ओझं झालोय असं तिला वाटतंय. एवढं सगळं जुळून आल्यावर ते वाक्य नुसतं तोंडातलं म्हणून सोडून देता येत नाही. आज-उद्यात, घरात दोघीच असताना, सरळ विचारा: "माय, जीव द्यायचा विचार येतो का मनात?" असं विचारल्यानं नको तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उलट विचारणारं माणूस भेटलं की बऱ्याच जणांना मोकळं वाटतं. 'हो' म्हणाली, किंवा काही न बोलता तोंड फिरवलं, तर तिला एकटं ठेवायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रात्र झाली तर टेली-मानस या सरकारी मानसिक मदतसेवेचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुमच्याच मनावर ताण आला तरी लावा.

दुसरं काम भावाला सांगा. सोयाबीन-तुरीच्या फवारणीचं उरलेलं औषध घरात कुठं आहे? बहुतेक घरांत ते बाजेखाली नाहीतर कोठीच्या मागं, झाकण अर्धवट लावलेलं, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेलं असतं. ते घरातून हलवून कुलपात टाकायला सांगा, किल्ली त्याच्या करगोट्याला. आईच्या गोळ्यांची अख्खी पाकिटंही तिच्या उशाशी नकोत. आपल्या भागात हा उपाय कुठल्याही व्हिटॅमिनच्या आधी येतो. तो विचार बऱ्याचदा काही मिनिटांचा असतो. त्या मिनिटांत हाताशी काय आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

आता तुमचा प्रश्न. भावाचं निम्मं बरोबर आहे. बी-१२ १४२ म्हणजे कमीच. साधारण २०० च्या खाली गेलं की आम्ही कमतरता धरतो. आणि ती तुमच्या आईला का झाली हे पत्रातच आहे, तेही एक नाही तीन कारणांनी. बी-१२ वनस्पतीत नसतं. दूध, दही, ताक, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळतं. माळकरी घरात मार्ग उरतो तो दुधाचा, आणि दूध तर आपल्याकडं डेअरीला जातं. घरच्या बाईच्या वाट्याला येतं ते चहातलं. दुसरं, मेटफॉर्मिन. उत्तम औषध आहे, ते बंद करायचं नाही, पण वर्षानुवर्षं घेतलं की लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी-१२ शोषायला आडकाठी करतं. तिसरी ती सकाळची पित्ताची गोळी. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, आणि ही गोळी नेमकं तेच बंद करते. पित्ताची गोळी आपल्याकडं एकदा सुरू झाली की कुणी बंद करत नाही. आठ-आठ वर्षं चहासारखी चालू असते. आईला ती अजून लागते का, एवढं शुगरच्या डॉक्टरांना विचाराच.

यकृतात बी-१२ चा साठा असतो, तो काही वर्षं पुरतो. म्हणून ही कमतरता गाजावाजा न करता येते. आधी थकवा, मग लाल गुळगुळीत झालेली जीभ, तळपायाच्या मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा, चिडचिड. शिरांवरचं, म्हणजे मज्जातंतूंवरचं, वेष्टण टिकवायला आणि मेंदूत सेरोटोनिन, डोपामिनसारखी रसायनं बनवायच्या साखळीत बी-१२ लागतं. फोलिक ॲसिडही त्याच साखळीत आहे. त्यामुळं बी-१२ फार खाली गेलं की मन उदास होऊ शकतं, क्वचित माणूस भ्रमिष्टासारखंही वागतं. आईची जीभ आणि मुंग्या बी-१२ कडंच बोट दाखवतात. इथवर भाऊ जिंकला.

पण पहाटे तीनला जाग येणं, आवडीचं भजन नकोसं होणं, आपण ओझं झालोय असं वाटणं, हे सगळं एकट्या बी-१२ च्या माथी मारता येत नाही. मोटरीचा स्टार्टरही जळालाय आणि विहिरीचं पाणीही खाली गेलंय, अशातली ही गोष्ट आहे. एक दुरुस्त झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही. त्यात शुगर आणि डिप्रेशन एकमेकांना धरून चालतात. शुगरवाल्यांत डिप्रेशन जास्त दिसतं, आणि डिप्रेशन आलं की खाणं, चालणं, गोळ्यांच्या वेळा बिघडून शुगर बिघडते. शिवाय कमतरता आधी की डिप्रेशन आधी? महिनोन्महिने अर्ध्या भाकरीवर काढले तर कुणाचंही रक्त कमी होईल. रिपोर्टात आकडा कमी दिसला म्हणजे आजाराचं मूळ सापडलं, असं होत नाही.

डॉक्टरांनी दोन्ही बाजू धरल्या होत्या. गोळीही दिली आणि रक्तही तपासलं. तुमच्या भावानं त्यातली एक बाजू ठेवली आणि दुसरी फेकली. एस्सिटालोप्रामचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता कळायला सहा-आठ. बारा दिवसांत काय कळणार? पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थपणा होतो, मग घरचे म्हणतात 'गोळी मानवंना' आणि गाडी तिथंच अडते. दारू-तंबाखूसारखी या गोळीची तलफ येत नाही. बरेच दिवस घेऊन एकदम सोडली तर चक्कर येते, डोक्यात झटके आल्यासारखं वाटतं, म्हणून ती डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू उतरवतात. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा-नऊ महिने चालू ठेवावी लागते. आता घरात उरलेली पट्टी तुमच्या मनानं पुन्हा सुरू करू नका. त्याच डॉक्टरांकडं या आठवड्यात जा, आणि गोळी कधी बंद केली, का केली, हे खरं सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. रोज कुणी ना कुणी त्यांना हेच सांगत असतं. तिथला खर्च जड जात असेल, तर लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराची ओपीडी आहे.

आता त्या ताकदीच्या गोळ्या. पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. मला तीन गोष्टी बघायच्या आहेत. एक, बी-१२ आहे का आणि किती. बऱ्याच मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते चिमूटभर असतं. १४२ वरून वर यायला, तेही मुंग्या असताना, ते पुरत नाही. इथं डॉक्टर सहसा इंजेक्शनं देतात, आधी एक दिवसाआड किंवा आठवड्याला, मग महिन्याला. काहींना १००० मायक्रोग्रॅमची रोजची गोळीही चालते, कारण एवढ्या मोठ्या मात्रेतला थोडा अंश आतडं कसंही करून ओढून घेतं. कुठला मार्ग, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. पण चार महिने झाले आणि मुंग्या तशाच असतील तर उशीर नको. रक्त दोन महिन्यांत भरून येतं, शिरांना कित्येक महिने लागतात, आणि फार काळ दुर्लक्ष झालं तर थोडं नुकसान कायमचं राहतं.

दोन, त्यात नुसतं फोलिक ॲसिड भरपूर आणि बी-१२ नाही, असं तर नाही ना? हे फोलिक ॲसिड पहिल्यांदा लक्षात आलं ते आपल्या मुंबईत. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्कानं बरा होतो, असं लुसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाईंनी १९३१ साली मांडलं, त्या अर्कातला गुणकारी घटक पुढं फोलेट म्हणून ओळखला गेला. गुणाचंच आहे ते. पण बी-१२ कमी असताना एकटं फोलिक ॲसिड दिलं की हिमोग्लोबिन सुधारतं, सगळे खूश होतात, आणि शिरांची झीज आत चालूच राहते.

तीन, बायोटिन नावाचं जीवनसत्त्व. केसांच्या नावाखाली ते हल्ली सगळ्यांत घालतात. त्यानं तब्येतीला काही होत नाही, पण थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. आईचा रिपोर्ट या गोळ्यांच्या आधीचा, म्हणून तो धरायला हरकत नाही. पुढच्या वेळी रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ती गोळी बंद ठेवा आणि लॅबवाल्याला तसं सांगा.

माळ घातलेली माणसं मला हमखास विचारतात, इंजेक्शन-गोळीतलं बी-१२ कशापासून काढतात? जिवाणूंपासून, मोठ्या टाक्यांत आंबवून. प्राण्याचा त्यात संबंध नाही. कॅप्सूलचं आवरण मात्र बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासून केलेलं, असतं. आईला ते चालणार नसेल तर साधी दाबलेली गोळी मागा. अंड्यासाठी आईच्या मागं लागू नका. एवढ्या वर्षांची माळ आत्ता, अशा मनःस्थितीत मोडायला लावली तर तिला आणखी अपराधी वाटेल, आणि पदरात पडणार काय, तर दिवसाला अर्धा-पाऊण मायक्रोग्रॅम.

डीची पाकिटं. ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक, असा कोर्स साधारण आठ आठवड्यांचा असतो. चार महिने म्हणजे त्याच्या दुप्पट. बहुधा काही बिघडलेलं नसेल, पण आता थांबवा आणि डी व कॅल्शियम तपासून घ्या. हे जीवनसत्त्व लघवीतून वाहून जात नाही, अंगात साठतं. फार झालं की रक्तात कॅल्शियम चढतं: तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, सुस्ती, गोंधळल्यासारखं होणं. घरचे तहान-लघवीला शुगर म्हणतात आणि सुस्तीला डिप्रेशन, नि खरं कारण हातून निसटतं.

आपल्याकडं एवढं ऊन असताना डी १४ कसं, असं वाटलं असेल. आईचा दिवस बघा. पदर डोक्यावर, हात झाकलेले, सकाळ चुलीपाशी, दुपार घरात, आणि दिवाळीपासून तर खोलीतच. डी बनवणारे किरण ऊन चढल्यावर असतात. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात डी फारसं बनत नाही, लोक काही म्हणोत. तरी सकाळचं ऊन आईला हवंच आहे, ते दुसऱ्या कारणानं. सकाळच्या उजेडानं शरीराचं घड्याळ लागतं, रात्रीची झोप सुधारते, आणि उंबरठ्याबाहेर पाऊल पडतं. मे महिन्यात दुपारी मात्र कुणाला उन्हात बसवू नका, बाई. बेचाळीसच्या उन्हात व्हिटॅमिनआधी उष्माघात मिळतो.

डीनं मन सुधारतं का? अमेरिकेत पन्नाशीपुढच्या, डिप्रेशन नसलेल्या अठरा हजारांहून जास्त माणसांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना रोज २००० युनिट डी, निम्म्यांना तशीच दिसणारी फोल गोळी, पाच वर्षांहून अधिक काळ. २०२० साली निकाल आला, डिप्रेशन होण्याच्या प्रमाणात फरक नाही. युरोपातल्या चार देशांत वजन जास्त असलेल्या हजारेक लोकांना वर्षभर ओमेगा-३, फोलिक ॲसिड, डी आणि सेलेनियम अशा एकत्र गोळ्या देऊन बघितल्या, त्याचा निकाल २०१९ चा. तिथंही डिप्रेशन टळलं नाही. या दोन्हींचा अर्थ मी साधा लावते. कमी असेल तर भरून काढा, कारण हाडं, रक्त, शिरा सगळ्यांना ते लागतं. भरलेल्यात आणखी ओतून आनंद वाढत नाही.

हिमोग्लोबिन ९.४ वर मात्र मला थोडं थांबायचंय, कारण ते पत्रात कुणाच्याच खिजगणतीत नाही. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या पुढं हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. 'बायकांचं रक्त कमीच असतं' हे आपण इतकं पचवलंय की कारण शोधायचं राहूनच जातं. आईच्या सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावर एमसीव्ही नावाचा आकडा बघा, तो तांबड्या पेशींचा आकार सांगतो. तो शंभरच्या वर असेल तर कारण बी-१२ किंवा फोलिकचं, ऐंशीच्या खाली असेल तर बहुधा लोहाचं. दोन्ही कमी असतील तर तो मधेच, अगदी नॉर्मल दिसतो आणि फसवतो. म्हणून फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासायला सांगा. आणि लोह कमी निघालं तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर भागवू नका. आईची पाळी गेली असेल तर रक्त जातंय कुठून, हा प्रश्न उरतो. शौच काळं होतं का, मूळव्याध आहे का, पोटात काही आहे का, हे बघावंच लागतं. लोह कमी असलं की धाप लागते, अंगात त्राण राहत नाही, कशात जीव रमत नाही. मेंदूतली तीच रसायनं बनवायला लोहही लागतं. लोहाची गोळी चहाबरोबर नको, एक-दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर चांगली लागू पडते.

आणखी एक गोष्ट पट्टीवर बघायची. आईच्या शुगरच्या गोळीत मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड आहे का? आपल्याकडं जोडगोळ्या फार चालतात. असेल आणि बाई अर्धी भाकरी खात असेल, तर शुगर एकदम खाली जाते: घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड, घाबरगुंडी. घरचे म्हणतात, 'मनाचंच आहे.' त्या वेळी ग्लुकोमीटरवर आकडा बघा, आणि खाणं कमी झालंय हे शुगरच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता जेवण. आहारानं डिप्रेशन बरं होतं का, असं तुम्ही विचारलंत. ऑस्ट्रेलियात २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. डिप्रेशन असलेली ६७ माणसं, बारा आठवडे. एका गटाला आहारतज्ज्ञानं बसून जेवण सुधारायला शिकवलं, दुसऱ्या गटाशी तेवढाच वेळ नुसत्या गप्पा. आहाराच्या गटात साधारण तिघांतला एक जण आजारातून बाहेर आला, गप्पांच्या गटात बारांतला एक. प्रयोग छोटा होता, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे माणसांना कळत होतं, त्यामुळं फार उड्या मारायला नकोत. पण त्यातली एक गोष्ट तुमच्या भावाला मुद्दाम वाचून दाखवा: त्यातल्या बहुतेकांची औषधं किंवा समुपदेशन चालूच होतं. आहार त्याच्या जोडीला होता.

त्यांचा आहार काय होता? अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं, दाणे, तेल बेतानं, मासे, आणि गोड-तळलेलं-पाकिटातलं कमी. या आहाराला नाव भूमध्य समुद्राचं, पण मासे सोडले तर ताट आपल्या आजीच्या ओळखीचं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, हुलग्याचं माडगं, अंबाडी, घोळ, तांदुळजा, करडईची भाजी, जवस-कारळाची चटणी, ताक. सोयाबीन आलं आणि ज्वारीचं रान आटलं. सोयाबीन आपण विकतो, खात नाही, आणि त्या पैशातून टोस्ट, खारी, फरसाण आणतो. परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' नावाचं ज्वारीचं वाण दिलंय, त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. घरच्यापुरती दोन पट्टे तरी ज्वारी टाका, असं मी भेटेल त्या शेतकऱ्याला सांगते. कुणी ऐकतं, कुणी कडब्याच्या मजुरीचा हिशोब मांडतं.

पण डिप्रेशनच्या माणसासमोर भरलेलं ताट ठेवून 'खा' म्हणून उपयोग होत नाही. त्याला घासाचाच कंटाळा आलेला असतो. म्हणून थोडं-थोडं, गिळायला सोपं. सकाळी चहा-टोस्टऐवजी वाटीभर ज्वारीची आंबील, ताकातली, जिरं-लसूण घातलेली. उन्हाळ्यात ती उतरते. अकराच्या सुमाराला मूठभर फुटाणे नाहीतर शेंगदाणे. दुपारी अर्धीच भाकरी असू द्या, पण ती घट्ट वरणात किंवा मुगाच्या आमटीत कुस्करून, वर लिंबू. येसर घातलेली आमटी तिला आवडत असेल तर तीच करा, वासानं भूक चाळवते. चार वाजता पेलाभर दूध, साखर न घालता. त्यात साधारण एक मायक्रोग्रॅम बी-१२ मिळतं, दिवसाची गरज दोन-सव्वादोनची. दूध-दही पोटात गेलं तर पुढं पातळी टिकायला मदत होते, पण पडलेला खड्डा दुधानं भरत नाही, त्याला औषधच हवं. मेटफॉर्मिन चालू आहे तोवर वर्षातून एकदा बी-१२ तपासत राहा.

उपवासांचं तुम्ही लिहिलं नाही, पण माळकरी घर म्हणजे एकादशी आहेच, वर सोमवार-गुरुवारही असतील. साबुदाण्यात नुसता स्टार्च, तो शुगर चढवतो, आणि दिवसभर काही न खाता गोळ्या घेतल्या की शुगर एकदम उतरते. राजगिऱ्याची भाकरी, दही, शेंगदाण्याची आमटी चालते. आजारपणात उपवास सुटतो, पाप लागत नाही, हे आईला तुम्ही सांगून पटणार नाही. तिच्या भजनी मंडळातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईकडून सांगा. त्या निमित्तानं ती बाई घरी येईल, हेही काही कमी नाही.

आणि आईला शेवटी, एकटीला, उरलंसुरलं खायला लावू नका. सगळ्यांचं झाल्यावर बायांनी बसायचं ही रीत धडधाकट बाईलाच पुरे पडत नाही. एक वेळचं जेवण तरी कुणीतरी तिच्या शेजारी बसून जेवा. यंदा वेळ अमावस्येला ती शेतात आली होती का? भज्जीत काय काय पडलं पाहिजे, हे तिच्याइतकं घरात कुणाला येत नसणार. चांगली वाटू लागली की तिलाच विचारत-विचारत एखादी भाजी करा. 'तू बस, मी करते' असं सारखं म्हणत राहिलो की माणसाला आपण निकामी झालो असं वाटतं.

व्हॉट्सॲपवरच्या गोष्टी थोडक्यात. केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं, पण खाल्लेलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. स्पिरुलिना नावाच्या शेवाळात बी-१२ सारखं दिसणारं काहीतरी असतं, शरीराला ते वापरता येत नाही. जवस रोज खा, चांगलंच आहे, पण त्यातल्या ओमेगा-३ चा मासोळीतल्या प्रकारात फार थोडा भाग बदलतो, म्हणून त्याला औषध समजू नका. 'मूड'च्या नावानं ५-एचटीपी (सेरोटोनिनचा कच्चा माल) विकतात, ते एस्सिटालोप्रामसोबत चुकूनही नको. सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढून जिवावर बेतू शकतं.

भावाशी भांडू नका. त्यानं गोळी बंद केली ती आईला 'डोक्याचा पेशंट' म्हणून गावात नाव पडू नये म्हणून, असा माझा अंदाज आहे. त्याला सांगा, डॉक्टर मॅडमनी तुझं बी-१२ मान्य केलंय. इंजेक्शनांच्या तारखा त्यानंच कॅलेंडरवर लिहायच्या, त्यानंच आईला न्यायचं. एस्सिटालोप्राम डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली तर रात्रीच्या जेवणानंतर की सकाळी, ते विचारून घ्यायचं आणि आठ आठवडे तरी त्यात हात घालायचा नाही. तेवढ्यात बी-१२ चाही गुण दिसायला लागलेला असेल. मग कुणामुळं बरं वाटलं यावर तुम्ही बहीणभाऊ खुशाल वाद घाला.

जाताना नेण्याच्या गोष्टी: जानेवारीचे सगळे रिपोर्ट, चालू असलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी, ताकदीच्या गोळ्या आणि रिकामी पाकिटंसुद्धा. मला पुन्हा लिहाल तेव्हा एमसीव्ही, फेरिटिन आणि कॅल्शियम हे तीन आकडे लिहून पाठवा. आणि दुसऱ्या परिच्छेदात सांगितलेला प्रश्न आईला विचारलात का, ते आधी लिहा.